माझ्या हातचं लोणचं

आमच्या घरात कैरीचं लोणचं एकाच हाताचं असतं. कैऱ्या उतरवायला, धुवायला, पुसायला, फोडायला कितीही माणसं चालतात. गल्लीतल्या बाया येतात, अंगणात सतरंजी पडते, चहा होतो, कुणाच्या तरी सुनेची निंदा होते. पण फोडींना मीठमसाला लावायची वेळ आली की बाकीच्या मागे सरकतात आणि एकच बाई, न्हालेली, सकाळपासून काही न खाल्लेली, परातीपुढे पाटावर बसते. ती कालवत असताना बोलायचं नाही. बरणी भरली की तिच्याच जुन्या लुगड्याचा नाहीतर ओढणीचा तुकडा फाडून बरणीच्या तोंडाला दादरा बांधायचा, म्हणजे वर्षभर फडताळाकडे नुसतं पाहिलं तरी कळावं, यंदाचा हात कुणाचा. आणि लोणचं फसलं, तर ज्या बाईचा हात तिला ते वर्ष वाईट जातं. ही रीत कुणी घातली, कुणालाच ठाऊक नाही. रिठदच्या आमच्या घराबद्दल मी आतापर्यंत पुष्कळ पानं लिहिली. बाबांच्या रेडिओवर लिहिलं, हळदीच्या कढईवर लिहिलं, शाळेच्या गळक्या वर्गावरही लिहिलं. हे प्रकरण मात्र दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा कागद ठेवून दिले. माझी भावजय संगीता हिला जाऊन आता आठ महिने झाले. आता आणखी थांबण्यात अर्थ नाही.

लोणच्याचा हात माझ्याकडे आला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. हळद शिजवणं, वाळवणं, घोळणं, सगळ्या कामांत माय बाबांच्या बरोबरीनं राबायची, आणि त्या वर्षी तिच्या तळहातांना इतक्या खोल भेगा गेल्या की तिखटात हात घालणं शक्य नव्हतं. तिनं मला पाटावर बसवलं. बोलायची सोय नव्हती, म्हणून मिठाच्या मापट्यावर बोट फिरवून दाखवलं, असं सपाट; आणि मग चार बोटं वर केली. चार मापटी. ते लोणचं पुढच्या वर्षीच्या कैऱ्या येईपर्यंत जसंच्या तसं राहिलं. माय गल्लीभर सांगत फिरली, पोट्टीचा हात लागते म्हणून. मी अबोल मुलगी होते. भाकरी थापली तर तिला कोपरे येत. भुलाबाईच्या दिवसांत बाकीच्या पोरी गात आणि मी नुसती टाळ्या वाजवीत उभी राही. माझ्याहून दोन वर्षांनी लहान गजू मात्र जिथे जाई तिथे माणसं गोळा करी; तो सगळ्यांचाच होता. मला कुणी वाईट वागवलं असं नाही. पण त्या घरात माझ्या नावाची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, आणि ती फडताळाच्या वरच्या फळीवर, माझ्या जुन्या परकराच्या तुकड्यानं तोंड बांधून उभी असायची.

पुढे मी नागपूरला रसायनशास्त्र शिकले आणि शिष्यवृत्ती मिळून जर्मनीला गेले. तिथल्या पहिल्या चार वर्षांचं या प्रकरणात काही काम नाही. एवढंच सांगते, की नेलेली लोणच्याची बाटली पहिल्या हिवाळ्यातच संपली आणि तेल सुकलेली ती रिकामी बाटली मी वर्षभर धुतली नाही. गावात तेव्हा एकच फोन, तोही दुकानात. पत्रं गजू लिही, कारण मायला सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. दुसऱ्या वर्षी पत्र आलं की त्याचं लग्न ठरलं. मुलगी किन्हीराजाची, बारावी झालेली, आई लहानपणीच गेलेली. मला जाता आलं नाही. पुढच्या पत्रात एक फोटो आला. त्यात माय त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, आणि मी त्या हाताकडेच बराच वेळ पाहत बसले. लोणचं आता कोण घालतं, हे मी एकाही पत्रात विचारलं नाही. तेव्हा मला वाटे, लिहायचं राहून गेलं.

चार वर्षांनी सहा आठवड्यांची सुट्टी मिळाली आणि मी ऐन वैशाखात घरी आले. वाशीमहून रिसोडच्या एसटीत बसले. रिठदच्या थांब्यावर गजू मोटारसायकल घेऊन उभा होता, पोट सुटलेला, मिशा ठेवलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं तापून पडली होती. दारात मला थांबवलं. लांबून आलेल्या माणसावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकतात, तोपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. परक्या देशातल्या कितीतरी संध्याकाळी मी हा प्रसंग मनाशी रचला होता: मी दारात, आणि भाकरीचा तुकडा घेऊन माय बाहेर येते. बाहेर आली ती पोपटी साडीतली, ठेंगणी, हसऱ्या तोंडाची एक मुलगी. तिनं तुकडा ओवाळला, उजवीकडे टाकला, डावीकडे टाकला, माझ्या डोळ्यांना पाणी लावलं, आणि आत वळून हाक मारली, "माय, झालं पाहा ताईचं. या आता, उंबऱ्याच्या आतच राहा, ऊन हाये."

आमच्याकडे सुना सासूला आत्याबाई म्हणतात. माय हा शब्द त्या घरात दोघांचा होता, माझा आणि गजूचा. मी उंबऱ्यातच उभी राहिले. माय आली, तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, किती सुकली वं बाई म्हणून रडली, मीही रडले. पण रडतानाही माझ्या कानात तो दुसरीच्या तोंडचा शब्द अडकून होता. जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कांदा, आणि ताटाच्या कडेला लोणच्याची एक फोड. मी फडताळाकडे पाहिलं. बरणीच्या तोंडावर पोपटी कापड होतं. फोड मी शेवटपर्यंत ताटात ठेवली आणि मग खाल्ली. लोणचं चांगलं झालं होतं. फोड कुरकुरीत, मेथीचा कडवटपणा नेमका, मीठ बेताचं. हे वाक्य लिहायला मला आजही जड जातं, म्हणजे तेव्हा गिळायला किती गेलं असेल.

त्यानंतरच्या दिवसांत मी काहीही विसरले नाही, कारण मत्सराची स्मरणशक्ती प्रेमाहून चांगली असते, असा माझा अनुभव आहे. दुपारी जेवणं झाली की संगीता मायचे केस विंचरायला बसे. मायच्या डोक्यात कुठे दुखतं, हे तिला विचारावं लागत नसे. तिची बोटं आपोआप तिथे जात. बाबांची रक्तदाबाची गोळी कोणत्या डबीत, मायचा चष्मा कुठे, कोणत्या गाईला आज चारा कमी घालायचा, सगळं संगे, संगे, संगे. मी मायसाठी लोकरीचं जाकीट आणलं होतं, गडद निळं, माझ्या महिन्याच्या खर्चातून वाचवून. मायनं ते अंगावर धरून पाहिलं, गालाला लावलं, आणि तिसऱ्या दिवशी संगीताला दिलं, कारण ती पहाटे धारा काढायला उठते आणि थंडीत तिला खोकला होतो. संगीतासाठी मी काहीच आणलं नव्हतं. पिशवीत उरलेली साबणाची एक वडी मी तिला दिली. तिनं ती वापरली नाही. साड्यांच्या पेटीत वास यावा म्हणून ठेवली, आणि पेटी उघडली की म्हणायची, ताईचा वास आला.

ती वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. तिला सगळ्याचं कुतूहल. बर्फ पडताना आवाज येतो का, तिथल्या बाया भांडतात का, माझ्या पुस्तकांत चित्रं का नाहीत. एकदा भाजी निवडताना विचारलं, तिकडं मायले काय म्हणतात? मी म्हटलं, मुटर. तिला इतकं हसू आलं की मेथीची जुडी हातातून पडली. संध्याकाळपर्यंत ती मायला मुटर म्हणून हाका मारत होती आणि माय ओ देत होती. माय त्या दिवशी जितकी हसली तितकी मी आल्यापासून हसली नव्हती. शब्द मी आणलेला होता. हसू तिच्या वाट्याला गेलं. शेजारच्या गोदामावशी ओसरीवर बसून हे सगळं पाहत. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. जाता जाता मला म्हणाल्या, "नंदे, पाव खाऊ खाऊ हात गार पडला असन तुहा. आता लोणचं संगीचंच बाप्पा." त्या हसल्या, माय हसली, मीही हसले. आणि त्याच क्षणी ठरवलं, की यंदा लोणचं मीच घालणार.

पाणंदीतल्या आंब्याच्या कैऱ्या उतरवल्या. त्या आंबट, कडक बाठीच्या. त्यांच्याशिवाय आमचं लोणचं होत नाही. गजू अडकित्ता घेऊन बसला आणि दोन तास खटाखट फोडत होता. बाया पुसत होत्या. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, घरची हळद, तिखट, सगळं परातीभोवती मांडलं गेलं. भाजून कुटलेलं मीठ पितळी डब्यात. करडईचं तेल कडवून निवायला ठेवलेलं. मी पहाटे न्हाले होते आणि चहाही घेतला नव्हता. मग माझ्या लक्षात आलं, की संगीताचेही केस ओले होते, आणि तिनंही सकाळपासून चहा घेतला नव्हता. मायनं पाट मांडला. ती माझ्याकडे पाही, तिच्याकडे पाही. ती काही बोलली नाही, आणि तिच्या त्या गप्प राहण्याचाच मला सर्वांत जास्त राग आला. शेवटी संगीताच म्हणाली, "ताई, बसा तुमी. तुमचाच हात हाये तो." जे मला हिसकावून घ्यायचं होतं ते तिनं असं उचलून हातात दिलं.

बाबांना रक्तदाब होता. रिसोडच्या डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं आणि बाबा लोणच्याशिवाय घास उचलत नसत. आल्यापासून मी हे पाहत होते. कुणाच्या ध्यानात न आलेली गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे, याचा मला एक प्रकारचा आनंदही झाला होता. केस विंचरणं सोपं आहे. बाबांचा जीव जपायला अक्कल लागते. फोडींवर मी पहिलं मापटं टाकलं, दुसरं टाकलं, आणि डब्याचं झाकण लावलं. मीठ फोडींतलं पाणी ओढून घेतं आणि बुरशीला जगू देत नाही, हे मला सूत्रासकट पाठ होतं. याच शास्त्रात पदवी मिळवायला मी सातासमुद्रापार गेले होते. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात शास्त्र नव्हतं.

बाया हात धुवायला विहिरीकडे गेल्या होत्या, माय तेल आणायला आत. समोर फक्त संगीता होती, बरणीला हिंगाची धुरी देत. ती डब्याकडे पाहत राहिली. मग रीत मोडून बोलली.

"ताई, मीठ कमी वाटून राह्यलं."

मी कालवत राहिले.

"टिकन नाई, ताई. झड लागली की फेस येईन. अजून दोन पाह्यजे."

मी हात थांबवला. घरी मी घरच्याच बोलीत बोलत असे. तेव्हा मात्र मुद्दाम पुस्तकी मराठीत बोलले, म्हणजे अंतर पडावं. "मीठ किती घालायचं ते मला शिकवू नकोस. तू या घरात यायच्या कितीतरी आधीपासून हे लोणचं मी घालते आहे. आणि आणखी एक. तिला माय म्हणत जाऊ नकोस. ती माझी माय आहे, तुझी नाही."

संगीतानं बरणी पुसायला घेतली आणि ती पुसतच राहिली. तिचा चेहरा पडला, असं लिहिणं सोपं आहे. तो पडला नाही. तो एखाद्या शाळकरी मुलीसारखा झाला, जिला वर्गात चुकीच्या बाकावरून उठवलं आहे. "बरं," ती म्हणाली. तेवढ्यात माय तेल घेऊन आली. बरणी भरली, वर तेलाची बोटभर पाळ आली, आणि माझ्या कॉलेजातल्या जांभळ्या ओढणीचा तुकडा फाडून मी दादरा बांधला. माझ्या हातात कितीतरी दिवसांनी बळ आल्यासारखं वाटत होतं.

त्या संध्याकाळपासून संगीता मायला आत्याबाई म्हणू लागली. मायनं पहिल्यांदा ओ दिली नाही. तिला वाटलं, गोदामावशींच्या घरची हाक आहे. मग विचारलं, काहून वं, आज एकदम आत्याबाई? सगयेच म्हणतात, असं संगीतानं सांगितलं आणि भाकरी उलटली. मी ताटावर होते. मायनं माझ्याकडे पाहिलं का, हे मला माहीत नाही, कारण मी मान वर केली नाही.

दहा दिवसांनी मी परत गेले. सोबत छोटी बाटली भरून नेली होती. महिनाभरात तिच्यावर पांढरी साय धरली. मला वाटलं, विमानात हवा शिरली असेल. आणि मग गजूचं पत्र आलं: तुझं लोणचं यंदा फार सुरेख मुरलं आहे, माय येणाऱ्या-जाणाऱ्याला नंदीच्या हातचं म्हणून चाखायला देते. ते पत्र माझ्याकडे अजून आहे. परदेशातली उरलेली वर्षं मी त्या दोन ओळींवर काढली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण फार नाही.

पुढे मी देशात परतले, पुण्याला शिकवू लागले, सुट्टीत रिठदला येत गेले. लोणच्याचा हात मी पुन्हा मागितला नाही. जिंकलेला डाव पुन्हा मांडायला कोण जातो? दर वर्षी संगीताच घाली, आणि फडताळावर तिच्या साड्यांचे रंग बदलत गेले. पण जेवताना एकदा तरी मी म्हणत असेच, की ते एका वर्षीचं माझं लोणचं, तसं काही पुन्हा झालं नाही. दर वेळी ती वाढता वाढता थांबे, सरळ माझ्या डोळ्यांत पाही आणि म्हणे, "तसं मंग झालंच नाई, ताई." इतकी वर्षं मी ते वाक्य पानावर वाढून घेतलं. बाबा गेले, गजूची मुलं शिकून शहरात गेली, माझे केस पांढरे झाले. ते वाक्य बदललं नाही. आम्ही दोघी एकमेकींशी चांगल्याच वागायचो. ती मला हळदीची पूड, जवसाची चटणी बांधून द्यायची. मी तिला साड्या न्यायची, आणि निवडताना नेहमी पोपटी रंग टाळायची.

मागच्या पौषात पोटाच्या दुखण्यानं ती गेली, दोन महिन्यांत गेली. तेरवी झाली, माणसं पांगली. मी निवृत्त झालेलीच होते, म्हणून मायजवळ राहिले. तिला आता दिसत फार थोडं. दुपारी मी तिला ओसरीवर जेवायला वाढलं, ताटाच्या कडेला संगीताच्या शेवटच्या बरणीतली फोड ठेवली. स्वतःही एक घेतली. आणि, मी हे लपवणार नाही, जिची राख नुकतीच नदीत सोडली होती तिच्या लोणच्याबद्दल मी म्हटलं, की मीठ जरा जास्तच पडलंय. माझं ते तेव्हाचं लोणचं आठवतं ना तुला?

मायनं घास खाली ठेवला.

"कोणतं तुहं? जांभळ्या ओढणीचं?"

"हो."

"ते तुहं नोतंच, नंदे."

ती शांतपणे सांगत गेली, मधूनमधून ताटातला भात चाचपत. मी गेले आणि पावसाची झड लागली. आठ दिवस झाले नसतील, बरणीला वास आला. मायनं कुणी नसताना दादरा सोडून पाहिलं तर फेस, वर पांढरं धरलेलं. तिनं तसंच बांधून ठेवलं. "पोट्टी तितक्या दूर हाये, अन् तिच्या हातचं फसलं. त्या रोज म्या जेवलीच नाई," माय म्हणाली. दुसऱ्या दिवशी पेरणीला सगळे शेतात गेले. संगीता म्हणाली, मला बरं नाही, मी घरी राहते. संध्याकाळी माय आली तर बरणी जिथल्या तिथे, वर माझीच ओढणी, गाठही तशीच. संगीताचे केस ओले होते. तिचा भाऊ सकाळी किन्हीराजाहून सायकलवर येऊन गेल्याचं गोदामावशींनी सांगितलं. त्यांच्या शेतातली उशिरा येणारी झाडं अजून कैरीवर होती. आणि उकिरड्यात पुरलेल्या, मसाला लागलेल्या बाठी कोंबड्यांनी उकरून अंगणात आणल्या होत्या. मायनं त्या गोळा करून पुन्हा पुरल्या.

मी विचारलं, तू तिला कधीच बोलली नाहीस?

"कायले? तिले वाटे, मले माहीत नाई. तेवढं तिचं राहू देलं म्या."

"मग येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं म्हणून का सांगायचीस?"

"तिच्यासमोर सांगो मी. तिले बरं वाटे."

मग मी, साठीची बाई, एखाद्या पोरीसारखी म्हणाले, की तिनं माझ्यासाठी एवढं केलं. मायनं मान हलवली. "तुह्यासाठी नाई वं. माह्यासाठी केलं. परदेशातल्या पोरीचं लोणचं फसलं हे मले कयलं असतं त मी वर्षभर घोर घेतला असता, म्हणून केलं." तिनं ताट बाजूला सारलं. "तवापासून आत्याबाईच म्हणे. शेवटपर्यंत. पण दवाखान्यात दुखलं की माय म्हणे. दुखलं की सगयेच म्हणतात. मी ओ देओ."

हे ऐकून मला जे वाटलं त्याला मी दुःख म्हणत आले आहे, कारण घरातलं माणूस नुकतंच गेलं होतं आणि दुसरा शब्द शोभला नसता. इथे खरं लिहिते. दुःख होतं, ते नंतर आलं आणि अजून गेलेलं नाही. आधी आला तो तोच जुना, ओळखीचा मत्सर. ज्या दोन ओळींवर मी जगले त्याही तिच्याच हातच्या निघाल्या. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या दोघींमध्ये एक गोष्ट होती, दोघींनी एकमेकींपासून लपवलेली, दोघींना ठाऊक असलेली. फडताळातल्या बरणीसारखी घरात उभी असलेली. आणि तिच्यात मी नव्हते. माय आणि लेक यांच्यात जे असतं असं म्हणतात, ते हेच असणार. मी ते जर्मनीतून येऊन मागत होते.

यंदा वैशाखात माय म्हणाली, बस तू. पाणंदीतला आंबा वादळात पडून गेला आहे. गजूनं केनवडच्या बाजारातून कैऱ्या आणल्या. मी न्हाले, उपाशी राहिले, पाटावर बसले. मायला परात दिसत नव्हती, म्हणून ती जवळ येऊन बसली आणि मीठ पडण्याचा आवाज ऐकत राहिली. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला तिनं मान डोलावली. बरणी भरल्यावर दादऱ्यासाठी मी माझी जुनी साडी काढून ठेवली होती. ती तशीच ठेवून मी आत गेले आणि संगीताची पेटी उघडली. साबणाच्या वडीचा वास केव्हाच उडाला होता. वडी मात्र होती, कोपऱ्यात, चिरा पडलेली. पोपटी साडी सगळ्यांत खाली सापडली. तिचा तुकडा फाडून मी बरणीला बांधला. ही युक्तीही मुळात तिचीच. मला स्वतःची अशी एकही सुचली नाही.

मायनं हात पुढे करून कापड चाचपलं, गाठ चाचपली. "हे तुहं नाई," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही.

आता ते मुरलं आहे. लोणचं चांगलं झालं आहे, माझं आजवरचं सर्वांत चांगलं. ओसरीवर कुणी आलं की माय मला बरणी काढायला लावते, चमच्यानं एक फोड त्यांच्या हातावर ठेवते आणि सांगते, "संगीच्या हातचं हाये, चाखून पाहा." मी शेजारीच बसलेली असते. आणि दर वेळी ते मला झोंबतं.